लाखेच्या जुन्या तबकड्यांतून स्वच्छ आवाज कसा मिळवावा

जुनी तबकडी म्हणजे खरखर, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की माळ्यावर सापडलेली रेकॉर्ड एकदा कशीबशी वाजवून ‘हिचा आवाज गेला’ असे म्हणत ती भंगारात काढणारे लोक आजही भेटतात. प्रत्यक्षात पुष्कळदा आवाज गेलेला नसतो. तो खाचेत शाबूत असतो आणि तिथून तो बाहेर काढताना सुई, गती किंवा अ‍ॅम्प्लिफायर यांपैकी काहीतरी चुकलेले असते. १९३५ च्या सुमाराची, जपून ठेवलेली एखादी तबकडी नीट धुऊन योग्य सुईने वाजवली, तर तान घेण्यापूर्वी गायकाने घेतलेला श्वास, सारंगीच्या गजाची बदलणारी दिशा आणि साथीदाराने हलक्या आवाजात दिलेली दाद इतक्या बारीक गोष्टी कानावर येतात. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत अशा तबकड्या अजूनही पडून आहेत. त्या कशा ओळखाव्यात, कशा स्वच्छ कराव्यात आणि त्यांतून जास्तीत जास्त आवाज कसा मिळवावा, हे इथे सविस्तर सांगत आहे.

तबकडी कोणत्या काळातली आहे

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाची सुरुवात १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात झाली. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग तिथे यंत्र घेऊन आले आणि गौहरजान यांचे गाणे त्यांनी मुद्रित केले. त्या काळात मायक्रोफोन नव्हता. गायक मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहून गात असे, त्याच्या आवाजाच्या दाबानेच पडदा हलत असे आणि त्या हालचालीने मेणाच्या तबकडीवर खाच कोरली जात असे. या पद्धतीत साधारण अडीच हजार हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या) वरचे आणि दोनशेच्या खालचे फारसे काही पकडले जात नसे. त्यामुळे डग्ग्याचा घुमार जवळजवळ नाहीसा होतो, तंबोरा विरून जातो आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरे बोथट ऐकू येतात. मानवी आवाजाचा मुख्य भाग मात्र याच पट्ट्यात येतो, आणि म्हणूनच टोकदार, पल्लेदार आवाजाचे गायक त्या मुद्रणांतही लख्ख ऐकू येतात.

१९२५ मध्ये पाश्चात्त्य देशांत मायक्रोफोन आणि विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि थोड्याच अवधीत ते भारतातही आले. मुद्रणाचा पट्टा एकदम शंभर हर्ट्झपासून पाच हजारांच्या आसपास गेला. हा फरक ऐकायचा असेल तर उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यासारखे दुसरे उदाहरण मिळणे कठीण. त्यांची १९०५ च्या सुमाराची कर्ण्यातली मुद्रणे आहेत आणि १९३० च्या दशकाच्या मध्यावरची मायक्रोफोनवरचीही आहेत. १९३७ मध्ये ते वारले. एकाच गळ्याची ही दोन मुद्रणे लागोपाठ ऐकली की कोणत्या उणिवा यंत्राच्या होत्या, हे कानाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित ठेवा त्यानंतरच्या टप्प्यातला आहे. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या या लाखेच्या तबकड्या म्हणजे फार फार तर स्वातंत्र्यापूर्वीच्या, असा समज आहे. भारतात मात्र त्या १९६० च्या दशकातही निघत होत्या, आणि इंग्लंड-अमेरिकेत मंद फिरणाऱ्या, विनाइलच्या (प्लास्टिकच्या) एलपीने बाजार घेतल्यानंतरही बीटल्सची गाणी आपल्याकडे लाखेच्या तबकड्यांवर विकली गेली. १९५० च्या दशकात स्टुडिओत चुंबकीय टेप आली, कोरणारी यंत्रे सुधारली, आणि त्या सुधारलेल्या मुद्रणांना जुन्याच वेगवान तबकडीचा लाभ मिळाला. दहा इंची तबकडीच्या बाहेरच्या काठाला सुईखालून सेकंदाला सुमारे एक मीटर खाच सरकते. बारा इंची एलपीच्या बाहेरच्या काठालासुद्धा हे अंतर अर्धा मीटरच भरते. खाच जितकी वेगाने सरकते, तितकी बारीक कंपने तिच्यात मोकळेपणाने मावतात. त्यामुळे १९५५ नंतरची, फारशी न वाजलेली भावगीताची किंवा अभंगाची तबकडी हाती लागली तर ती अजिबात सोडू नये. तिचा भरदारपणा अनेकदा त्याच गाण्याच्या नंतर निघालेल्या कॅसेटपेक्षा सरस असतो.

तबकडीचा काळ ठरवायला लेबल आणि त्याभोवतीचा गुळगुळीत भाग पाहावा. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांच्या एकाच बाजूला गाणे असते. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या अनेक लेबलांवर ‘इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंग’ असे मोठ्या अभिमानाने छापलेले आढळते. गाणे संपल्यावर गायक स्वतःचे नाव उच्चारत असेल, तर मुद्रण आरंभीच्या काळातले समजावे. त्या वेळी मेणाचे साचे छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला पाठवले जात आणि तिथल्या कारागिरांना कोणते गाणे कोणाचे, हे कळावे म्हणून ही घोषणा असे.

चित्रपटगीतांबाबत थोडी सावधगिरी हवी. सुरुवातीच्या बोलपटांची गाणी फिल्मवरच्या ध्वनिपट्टीसाठी मुद्रित होत आणि तबकडीसाठी ती पुष्कळदा पुन्हा गाऊन घेतली जात. एकाच चित्रपटातल्या दोन तबकड्यांचा आवाज म्हणूनच वेगळा लागू शकतो. केवळ तबकडीसाठी स्टुडिओत गायलेली नाट्यपदे, भावगीते आणि ख्याल यांत आवाज जवळचा आणि स्थिर मिळण्याची शक्यता अधिक असते.

शोध कुठे घ्यावा

मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि इथल्या घरांतल्या तबकड्यांवर त्याची खूण दिसते. एकाच पेटीत बालगंधर्वांची पदे, हिराबाई बडोदेकरांचे ख्याल, उर्दू कव्वाल्या, गझला आणि नात असे सगळे एकत्र निघते. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या मोहल्ल्यांत, पैठण, अंबाजोगाई, सेलू, उदगीर, नांदेड अशा गावांतल्या वाड्यांत, वकिलांच्या, देशमुखांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरी विचारून पाहावे. संभाजीनगरात जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुन्या सामानातही नजर टाकावी. नांदेडकडच्या वाचकांना मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबादचा जुना बाजार जवळ पडतो आणि उर्दू तबकड्यांसाठी तोच अधिक उपयोगी आहे.

तबकडी कोणाच्या घरातून आली, हे तिच्या लेबलाइतकेच महत्त्वाचे आहे. लग्नात आणि जत्रेत कर्णे लावणाऱ्या मंडळींकडच्या तबकड्या शेकडो वेळा वाजलेल्या असतात आणि त्याही बहुधा बोथट पिनेने, कारण प्रत्येक बाजूला नवी पिन लावायला मांडवात कोणाला सवड असणार? चहाच्या हॉटेलांतल्या तबकड्यांची गत तीच. याउलट एखाद्या रसिकाने हौसेने घेतलेले ख्याल घरात चार-दोन वेळाच वाजलेले असतात. लोकप्रिय तबकडी झिजलेली दिसली तरी ती उलटी करून पाहिल्याशिवाय बाजूला ठेवू नये. ज्या गाण्यासाठी ती घेतली गेली, ती बाजू घासून पांढरी पडलेली असते आणि मागची बाजू कधीकधी नव्यासारखी काळीभोर निघते.

पारख

तबकडी आधी फक्त काठाला आणि लेबलाला धरून उचलावी. लाखेची तबकडी जड, ताठ आणि ठिसूळ असते. ती वाकवून पाहू नये, ती तुटते. मधल्या भोकात बोट घालून तबकडी लोंबती ठेवावी आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने काठावर हलकेच टिचकी मारावी. उन्हाळ्याच्या तोंडावर कुंभाराकडून माठ घेताना आपण तो जसा वाजवून घेतो, तशीच ही परीक्षा आहे: खणखणीत नाद आला तर तबकडी सलग आहे, बद्द आवाज आला तर कुठेतरी केसासारखी चीर गेलेली आहे. चीर काठापासून थोडीशीच आत आली असेल तर पुढचे गाणे सांभाळून वाजवता येते, पण अशी तबकडी भारी किमतीला घेऊ नये.

त्यानंतर मोबाइलचा टॉर्च लावून तबकडीवर तिरका प्रकाश पाडावा. वरून सरळ पाडलेल्या प्रकाशात सगळ्याच तबकड्या सारख्या दिसतात, तिरक्या प्रकाशात झीज उघडी पडते. न झिजलेली खाच काळी आणि चमकदार दिसते. चावीच्या फोनोचा जड साउंडबॉक्स (पिन धरणारी, आवाज काढणारी डबी) आणि बोथट पिनेने खरवडलेली खाच राखाडी दिसते, आणि हा राखाडीपणा जिथे आवाज मोठा असतो तिथे, म्हणजे तार सप्तकातल्या ठहरावावर किंवा तानांवर, पट्ट्यासारखा उमटतो. हा पट्टा धुण्याने जात नाही. वरवरचे ओरखडे मात्र दिसायला भीतिदायक असले तरी पुष्कळदा निरुपद्रवी असतात, कारण ते खाचांच्या माथ्यावरून गेलेले असतात आणि सुई त्याच्या खाली चालते. नवशिक्या माणसाला चमकदार, पण झिजलेली तबकडी आवडते आणि धुळीने माखलेली, ओरखडलेली, पण आतून शाबूत तबकडी तो सोडून देतो. ही निवड उलटी व्हायला हवी.

शेवटच्या अर्ध्या इंचाकडे विशेष लक्ष द्यावे. सुई लेबलाच्या जवळ येते तेव्हा खाचेचा वेग काठाजवळच्या वेगाच्या निम्म्याहून कमी, सेकंदाला सुमारे चाळीस सेंटिमीटर, राहतो आणि नेमकी तिथेच गायकाने द्रुत ताना घेतलेल्या असतात. सर्वांत गुंतागुंतीचा आवाज सर्वांत दाट जागेत आलेला असल्यामुळे झीजही तिथेच आधी होते. तो भाग काळा असेल, तर उरलेली तबकडी बहुधा चांगलीच निघते.

घरी आणताना तबकड्या उभ्या ठेवाव्यात, दोन्हीकडून जाड पुठ्ठा लावावा आणि एसटीच्या प्रवासात त्या मांडीवर घ्याव्यात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत तो त्याहूनही पुष्कळ चढतो. तेवढ्या उष्णतेत लाख मऊ पडून तबकडी वाकडी होते.

धुणे

इथे मराठवाड्यातल्या माणसाने पहिली गोष्ट लक्षात ठेवावी ती पाण्याची. आपले बोअरचे पाणी जड असते. ते वाळल्यावर स्टीलच्या भांड्यावर जो पांढरा थर उरतो, तोच थर खाचेत बसतो, आणि मग धुतलेली तबकडी न धुतलेल्या तबकडीपेक्षा जास्त कुरकुरते. म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी जे डिस्टिल्ड वॉटर मिळते तेच वापरावे. ते बॅटरीच्या दुकानात सहज मिळते आणि एका कॅनमध्ये बऱ्याच तबकड्या होतात.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. विनाइलच्या एलपीसाठी अल्कोहोल मिसळलेली द्रावणे विकली जातात आणि त्यांच्या सूचना वाचून अनेक जण तीच लाखेच्या तबकडीवर ओततात. तबकडीचा पृष्ठभाग तिथल्या तिथे मऊ पडून खराब होतो आणि त्याला कोणताही उपाय उरत नाही. स्पिरिट, सॅनिटायझर, पेट्रोल, रॉकेल, काच पुसायचे द्रव यांपैकी काहीही लावू नये.

पद्धत अशी आहे. आधी कोरड्या, मऊ केसांच्या ब्रशने धूळ झटकावी, म्हणजे ओल्या धुळीचा चिखल खाचेत जाणार नाही. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या साध्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब टाकावेत. क्रीम किंवा मॉइश्चरायझर असलेला साबण नको. तबकडी जाड टॉवेलवर आडवी ठेवावी आणि लेबलावर प्लास्टिकचे झाकण दाबून धरावे, कारण जुन्या लेबलाची शाई आणि कागद ओल सहन करत नाहीत. मग मऊ टूथब्रश द्रावणात बुडवून खाचांच्याच दिशेने, गोल गोल, फारसा जोर न लावता फिरवावा. ब्रश आडवा, म्हणजे मध्यापासून काठाकडे, ओढू नये. वर येणारा फेस काळपट-तपकिरी असतो. त्यात घरातली धूळ आणि चुलीच्या धुराची काजळी तर असतेच, पण स्टीलच्या पिनेचा आणि तबकडीच्या भरावाचा भुगाही असतो. लाखेच्या तबकडीत लाखेबरोबर दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू घातलेले असतात, आणि ही पूड पिनेला घासून आकार देते. इतकी वर्षे आपण जिला ‘जुन्या रेकॉर्डची खरखर’ म्हणत आलो, तिचा मोठा हिस्सा या साचलेल्या भुग्याचा असतो.

फेस निघाल्यावर स्वच्छ डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवावे, मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे आणि तबकडी सावलीत उभी ठेवून पूर्ण वाळू द्यावी. ती पाण्यात बुडवून ठेवू नये. काठावरच्या टवक्यातून पाणी आत शिरले तर आतले तंतू फुगतात आणि जुनी चीर वाढते. पावसाळ्यात बुरशीचे पांढरे ठिपके आलेली तबकडी बाकीच्यांपासून वेगळी ठेवून, घराबाहेर, नाकावर रुमाल बांधून साफ करावी.

गती

‘अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड’ असे आपण म्हणतो, पण १९२५ पूर्वीच्या तबकड्या सत्तरपासून ऐंशीच्याही पुढे कोणत्याही गतीने कोरलेल्या असू शकतात. साडेचार फेऱ्यांच्या आसपास चूक झाली की स्वर अर्ध्या सुराने सरकतो, म्हणजे काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते. त्याहून जास्त चूक झाली तर गळ्याचा पोतच बदलतो. जुन्या गायकांचे आवाज चिरके होते, असा जो ग्रह आहे, त्यातला बराचसा भाग चुकीच्या गतीने वाजवलेल्या तबकड्यांमुळे झालेला आहे आणि तो दूर करण्याची जबाबदारी आपल्यासारख्या ऐकणाऱ्यांवर आहे.

टर्नटेबलची गती तपासण्यासाठी पट्ट्यांची स्ट्रोबोस्कोप तबकडी मिळते. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची असल्याने ७७ पट्ट्यांचे वर्तुळ पाहावे. ते स्थिर दिसले की गती ७७.९२ झाली. मात्र यासाठी दिवा लुकलुकणारा हवा. लोखंडी चोकची जुनी ट्यूबलाइट चालते, अनेक एलईडी दिवे चालत नाहीत. वीज गेलेली असताना इन्व्हर्टरवर ही तपासणी मुळीच करू नये. इन्व्हर्टरची वारंवारता बरोबर पन्नास असेलच असे नाही, त्यामुळे स्थिर दिसणारी पट्टीही खोटे सांगते. आणि टर्नटेबलची मोटर विजेच्या वारंवारतेवर चालणारी असेल, तर तिची गतीही बदललेली असते. स्ट्रोबोस्कोप नसेल तर लेबलाच्या काठावर कागदाची बारीक चिकटपट्टी लावावी, एक मिनिटाचा व्हिडिओ काढावा आणि तो सावकाश चालवून फेऱ्या मोजाव्यात. हे काम कंटाळवाणे असले तरी अचूक आहे.

कर्ण्याच्या काळातल्या तबकडीची खरी गती शेवटी कानानेच ठरवावी लागते. साथीला पेटी असेल तर ती कोणत्या पट्टीत लागते आहे, हे आपल्या पेटीवर पाहावे. त्या काळच्या पेट्या आजच्या प्रमाणाला तंतोतंत मिळत नसल्या तरी पट्टी दोन पट्ट्यांच्या अधेमधे लटकत असेल, तर गती थोडी वर-खाली करून ती जवळच्या पट्टीवर आणणे हा चांगला आरंभ आहे. मग गायकाचे बोलणे ऐकावे. ताना वेगाने घेता येतात, परंतु नाव सांगतानाचा किंवा बोल उच्चारतानाचा आवाज माणसासारखा लागला की गती बरोबर आली, असे समजावे.

सुई आणि वजन

एलपीची सुई लाखेच्या तबकडीवर लावणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते आणि तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. एलपीची सुई त्याच्या तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही बारीक असते. ती खाचेच्या तळाशी जाऊन साचलेल्या धुळीत लोळते आणि आवाज मात्र खाचेच्या भिंतींवर असतो. म्हणून ज्या कार्ट्रिजला (सुई ज्यात बसते त्या भागाला) अठ्ठ्याहत्तरची वेगळी सुई मिळते, असेच कार्ट्रिज घ्यावे आणि वजन तीन ते पाच ग्रॅम ठेवावे.

शक्य असेल तर थोड्या लहान आणि थोड्या मोठ्या मापाची अशा आणखी दोन सुया जवळ ठेवाव्यात. जुन्या पिनेने भिंतीचा एक ठराविक पट्टा झिजवलेला असतो. वेगळ्या मापाची सुई त्याच्या किंचित वर किंवा खाली, न झिजलेल्या भागावर टेकते आणि मघाशी फुटलेला तार षड्ज सुई बदलताच स्वच्छ लागतो. पहिल्या सुईवर निकाल देऊन तबकडी कधीच टाकू नये.

चावीच्या फोनोवर ऐकण्याचा आनंद वेगळा आहे आणि तो ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी जरूर घ्यावा, परंतु दर बाजूला नवी स्टीलची पिन लावावी आणि डबीतल्या गंजलेल्या पिना वापरू नयेत. त्या साउंडबॉक्सचे वजन शंभर ग्रॅमच्या वर असते. एलपी, विनाइल आणि आपल्या संग्रहातल्या सर्वोत्तम तबकड्या त्याखाली ठेवू नयेत.

संगणकावर उतरवताना

लाखेच्या तबकडीत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो. स्टीरिओ कार्ट्रिज उभी हालचालही पकडते आणि तिच्यात निव्वळ खडखडाट असतो. दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो केल्या की तो बराचसा आपोआप नाहीसा होतो. मुद्रण करताना मात्र स्टीरिओच ठेवावे, कारण काही तबकड्यांत एकच भिंत झिजलेली असते आणि अशा वेळी चांगल्या भिंतीची वाहिनी घेणे दोन्ही मिसळण्यापेक्षा बरे.

यापुढचा मुद्दा तांत्रिक वाटेल, पण सर्वांत मोठा फरक याच्यानेच पडतो. आजच्या फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायरमध्ये (कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्रात) आरआयएए नावाची दुरुस्ती असते. ती १९५४ च्या सुमारास एलपीसाठी ठरली आणि तिच्यात दहा हजार हर्ट्झचा आवाज सुमारे चौदा डेसिबलने खाली आणला जातो, कारण एलपी कोरताना तो तितकाच वाढवलेला असतो. १९३०-४० च्या बहुतेक लाखेच्या तबकड्यांत तो असा वाढवलेलाच नसतो. परिणामी गाणे घोंगडी पांघरल्यासारखे दबलेले आणि खालच्या अंगाला फुगलेले ऐकू येते, आणि ऐकणारा दोष तबकडीला देतो. उपाय सोपा आहे. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आधी आरआयएए उलटी करावी आणि मग जुन्या तबकड्यांची तयार वक्ररेषा लावावी. ती नसेल तर सुमारे २५० ते ३०० हर्ट्झखालचा आवाज हळूहळू उचलावा आणि वरचा आवाज सपाट ठेवावा. ‘स’ आणि ‘च’ मोकळे झाले, सारंगी गळ्यापासून वेगळी उभी राहिली आणि डग्ग्याची मींड कळू लागली, की आपण योग्य ठिकाणी पोहोचलो.

खटके काढण्याचे काम ही वक्ररेषा लावण्यापूर्वी करावे, कारण तेव्हा खटका टोकदार असतो आणि सॉफ्टवेअरला नेमका सापडतो. सरसकट खरखर काढणाऱ्या साधनाबाबत मात्र मी कठोर आहे. तंबोऱ्याची जवारी म्हणजे बारीक, अखंड, उंच स्वरांशांचा झंकार. संगणकाला तो आणि तबकडीची सळसळ एकसारखीच दिसते. बटण दाबले की सळसळीबरोबर तंबोरा जातो, श्वास जातो, घसरत जाणाऱ्या मींडेचे शेवटचे टोक जाते आणि उरतो तो पाण्याखालून येणारा एक गुळगुळीत आवाज. इंटरनेटवर ऐकू येणारी अनेक जुनी मुद्रणे अशीच बिघडवलेली आहेत. पाच-सहा डेसिबलपेक्षा जास्त सळसळ काढू नये. कान दोन मिनिटांत उरलेल्या सळसळीला सरावतो, पण गेलेला तंबोरा कोणत्याही उपायाने परत येत नाही.

मूळ मुद्रण २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर, कोणतीही दुरुस्ती न करता, वेव्ह स्वरूपात जपून ठेवावे आणि सगळे प्रयोग त्याच्या प्रतीवर करावेत. फाइलच्या नावात गायकाचे नाव, कंपनी, तबकडीचा क्रमांक आणि लेबलाजवळ कोरलेला मॅट्रिक्स (म्हणजे मूळ मुद्रणाचा) क्रमांक लिहावा. वापरलेली सुई आणि ठरवलेली गती शेजारच्या टिपणात नोंदवावी. एखादा क्रमांक उलगडत नसेल तर १९९० पासून मुंबईत काम करणाऱ्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाचे अंक चाळावेत. गायकांच्या तबकड्यांच्या याद्या त्यात आढळतात.

उतरवलेले गाणे इतरांना ऐकवण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहावी. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो, त्यामुळे १९५० च्या दशकापर्यंतच्या तबकड्या मुद्रण म्हणून मुक्त झालेल्या आहेत. गीताचे शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र कवीच्या आणि संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षे राहतो, आणि तो वेगळा तपासावा लागतो. ज्यांच्या वाड्यातून तबकडी मिळाली, त्या घरी स्वच्छ केलेली एक प्रत पेनड्राइव्हवर नेऊन द्यावी. पुष्कळदा ती ऐकल्यावरच माळ्यावरची दुसरी पेटी खाली उतरते.

तबकड्या ठेवताना त्या उभ्या, एकमेकींना टेकून, आम्लरहित कागदाच्या पाकिटात आणि घरातल्या सर्वांत थंड भिंतीला लागून ठेवाव्यात. पत्र्याच्या खोलीत, स्लॅबखालच्या माळ्यावर किंवा पश्चिमेकडच्या भिंतीच्या कपाटात ठेवू नयेत. मे महिन्याच्या दुपारी तिथे हात लावून पाहिला म्हणजे कारण लक्षात येईल.